एकाच जुडीत औषध आणि विष

विनायक चतुर्थी जवळ आली की हैदराबादच्या बाजारांत पत्रीचे ढीग लागतात. तेलुगू घरांतल्या एकवीस पत्रींत सिंधुवार, म्हणजे आपली निर्गुडी असते, अर्क म्हणजे रुई असते आणि धोतराही असतो. दख्खनच्या माळावर आणि पडक्या भिंतींशी आपोआप उगवणाऱ्या या तीन वनस्पतींचा वेदनेशी जुना संबंध आहे. देवापुढे तिघी शेजारी बसतात, पण दुखऱ्या माणसासाठी त्यांची पंगत वेगळी मांडावी लागते.

निर्गुडी सर्वांत सौम्य. तेलुगूत ती वाविली, हकिमांची संभालू. एका देठाला तीन ते पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास येतो. मूठभर पाला तव्यावर कोमट करायचा, फडक्यात बांधायचा आणि दुखऱ्या गुडघ्याला किंवा कंबरेला शेक द्यायचा. मराठवाड्यातल्या घरांना हे सांगावं लागत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या पानांच्या अर्काने सूज आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं आहे. मात्र पाय नुकताच मुरगळला असेल, तर पहिले एक-दोन दिवस थंड पट्टी ठेवावी. ताज्या दुखापतीवर उष्ण शेक सूज वाढवू शकतो.

रुईचं पान तेल लावून, गरम करून सांध्यावर बांधतात. पण पान खुडताना निघणारा चीक डोळ्यात गेला, तर बुबुळाला सूज येऊन दृष्टी धूसर होते. डोळा मात्र अनेकदा दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं.

धोतऱ्याबाबत तडजोड नाही. त्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन असतं. ते पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, माणूस बरळू लागतो आणि जीवही जाऊ शकतो. जपानचे शल्यविशारद हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये धोतरा आणि बचनाग यांच्या मिश्रणाने रुग्णाला बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. त्याआधी अनेक वर्षं त्यांनी मात्रा तपासली होती, आणि त्या प्रयोगांत त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली असं सांगतात. एकाच झाडाच्या दोन बियांतही विषाचं प्रमाण सारखं नसतं. घरच्या घरी त्याची मात्रा ठरवणं अशक्य आहे.

वेदना शमवणारं द्रव्य कसं तपासावं, याचा धडा हैदराबाद शहरानेच घेतला आहे. भूल देण्याच्या क्लोरोफॉर्ममुळे आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद मिटवण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन आयोग बसले. पुढाकार रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा होता. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला, की आधी श्वासच थांबतो. १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदय अचानक थांबू शकतं. एवढ्या कसोशीने काढलेला निष्कर्षही अपुरा ठरला. मग माळरानावरच्या पानाला ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हा दाखला कोणत्या आधारावर द्यायचा?

म्हणून संकटात रानातली वनस्पती हाताशी असली, तरी नियम साधा ठेवावा. पूर्ण ओळख पटल्याशिवाय तोडू नये. लावायची ती बाहेरूनच, आणि अखंड त्वचेवर. उघड्या जखमेवर पाला थापू नये, पोटात काही देऊ नये. गर्भवती आणि लहान मुलांवर प्रयोग करू नयेत. बंजारा हिल्सच्या कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानातून तर काहीच तोडू नये. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे कायद्याने मनाई आहे.

हाड मोडलं, छातीत कळ आली, डोक्याला मार बसला किंवा साप चावला, तर पाला शोधण्यात गेलेला वेळ घातक ठरतो. सर्पदंशावर प्रतिविषाला पर्याय नाही. मोडलेला अवयव हलू न देता आधार द्या आणि १०८ ला फोन लावा. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी याच हैदराबादमध्ये सुरू झाली. निर्गुडी फांदीपासून सहज लागते. अंगणात एक जरूर लावा, मुलांना तिची ओळख करून द्या, आणि त्याच दिवशी धोतराही दाखवून ठेवा.