पथ्याचा कागद आणि आपला नेम

निवृत्तीच्या वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी औषधांबरोबर छापील आहारतक्ता दिला. न्याहारीस उकडलेले अंडे किंवा मोड आलेले मूग, दुपारी गाजर-कांद्याची कोशिंबीर, साडेआठला जेवण आणि निजताना पेलाभर दूध. आमच्या घरात कंदमूळ येत नाही, मोड आलेली कडधान्ये आम्ही अनंतकाय म्हणून वर्ज्य मानतो आणि सूर्यास्तानंतर चौविहार असतो. डॉक्टरांनी विचारले नाही आणि संकोचाने मीही सांगितले नाही. जे चालणारे नव्हते ते मनातल्या मनात खोडले. गोळ्या मात्र नेमाने घेत राहिलो.

डिसेंबरातील एका संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा सूर्यास्तास जेमतेम दहा मिनिटे उरली होती. गोळी घेतली, दोन खाकरे खाल्ले आणि पच्चक्खाण घेतले. रात्री दोनच्या सुमारास घामाने भिजून जाग आली. हात थरथरत होते. पत्नीने यंत्रावर रक्तातील साखर तपासली, ती अवघी ५४ भरली. तिने साखरपाण्याचा पेला पुढे केला, तेव्हाही माझ्या मनात आधी चौविहारच आला.

"अहो, आधी हे घ्या. उद्या महाराजसाहेबांना विचारू," ती म्हणाली. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी उपाश्रयात महाराजसाहेबांनी शांतपणे समजावले, की पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे अपवाद, सांगितलेले आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांतच आहे. त्यानंतर डॉक्टरांना मी सर्व सांगितले. तेव्हा उमगले, की निजतानाचे दूध हे तक्त्यातील शोभेचे कलम नव्हते. रात्री साखर फार उतरू नये यासाठीची ती तरतूद होती. मी तरतूद रद्द केली आणि देणे तसेच ठेवले. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाने ही चूक करावी!

हिवाळ्यात सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत सुमारे चौदा तास जातात. हे लक्षात घेऊन डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीची मात्रा कमी केली आणि पोटभर जेवण होणार नसेल तर काय करावे, तेही लिहून दिले. तक्ताही बदलला. अंड्याच्या जागी मुगाचा पुडला आला, गाजराच्या जागी काकडी-टोमॅटो. दुधी, दोडका, कारले यांना मोकळीक मिळाली. तिथीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी पापड-शेवेवर भागवण्याऐवजी मूग, मटकी, दाणामेथी. आयंबिलात तूप, तेल, साखर नसते. तरी केवळ भात-रोटीवर भर दिला तर साखर चढते, म्हणून डाळीचे प्रमाण वाढवले. गिऱ्हाइकागणिक होणारा गोड चहा आणि गादीवरचा फरसाणाचा डबा मात्र कोणत्याच नेमात बसत नाहीत. त्यांचा दोष धर्माच्या खात्यावर टाकता येणार नाही.

रमजानचे रोजे ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने २०१६ मध्ये मार्गदर्शिका निघाली आणि २०२१ मध्ये ती सुधारली गेली. उपवासापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास सोडावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. जैन समाजास २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. परंतु आपले ताट डॉक्टरांना समजावून सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प करणाऱ्या मधुमेही बंधू-भगिनींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी बोलावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये आणि उपाशीपोटी पूर्वीच्याच मात्रेत चालूही ठेवू नये.

वाचकांना एक विनंती. आज घरी एक कागद घ्यावा. जेवणाच्या वेळा, वर्ज्य पदार्थ, तिथी आणि वर्षभरातील तप एवढे त्यावर लिहावे आणि पुढील तपासणीस जाताना तो कागद अहवालांच्या वर ठेवावा. माझा कागद लिहायला दहा मिनिटे लागली. तो आधी लिहिला असता, तर ती रात्र आमच्या घरात आली नसती.