ओवी वाचू नका, ऐका!

बातम्यांच्या वेबसाइटवर हल्ली व्हिडिओ असतोच. पण बरेचदा त्यात वरचाच मजकूर कुणीतरी पुन्हा वाचून दाखवतं. मग कशाला हवा?

आवाज कुठे खरंच लागतो, हे बघायचं तर ‘पारी’ उघडा. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ही ग्रामीण पत्रकारितेची वेबसाइट. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आता तिथे आहे. त्यातल्या काही ओव्या बर्नार बेल यांनी १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या तर चुकवूच नका. ओवीचे शब्द, गाणारीचा आवाज, तिचा फोटो, तिच्या गावाचं नाव, सगळं एकाच पानावर. पारीची मंडळी पुढे काही गायिकांना पुन्हा भेटली, त्यांचे व्हिडिओही केले. नुसती छापलेली ओवी वाचताना तिची लय आपल्याला अंदाजाने लावावी लागते. इथे ती थेट कानावर पडते.

दुसरं टोक म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचं २०१२चं ‘स्नो फॉल’. हिमस्खलनाची ही गोष्ट वाचत खाली सरकावं तसे डोंगराचे हलते नकाशे आणि बचावलेल्यांच्या मुलाखती येत जातात. लेखाला २०१३चं पुलित्झर मिळालं. देखणं काम, पण खर्चिक. रोजच्या बातमीला ते झेपणारं नाही.

पारी मोफत आहे आणि मराठीतही आहे. हेडफोन लावा, जमलं तर आजीलाही ऐकवा.