शाळेतला शिवणाचा तास पुढे कुठे नेतो?

शिवणाचा तास म्हणजे नुसतं बटण लावणं नव्हे. यात मुलं मापं घेतात, कागदावर ड्राफ्टिंग करतात, शिलाईसाठी जादा कापड सोडतात. म्हणजे भूमितीच, पण हातात कात्री घेऊन! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून अशा कौशल्यांची ओळख करून देण्यावर भर आहे.

पुढे काय? दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा १ वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर निफ्टमध्ये ४ वर्षांचा बी.डेस. करता येतो. निफ्टचं मुंबई कॅम्पस खारघरला आहे. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पण बारावीला सायन्सच हवं अशी अट नाही.

त्यामुळे ‘अभ्यास जमत नाही, तर शिवण शीक’ हा सल्ला देण्याआधी थांबा. इथेही अभ्यास आहेच.