अपाचेचा पुढचा भाग: कुठे काय असतं?

ओळख: एएच-६४ अपाचे हेलिकॉप्टर. पहिलं उड्डाण ३० सप्टेंबर १९७५. मूळ निर्माती ह्यूज, १९९७पासून बोइंग. भारतीय हवाई दलात सप्टेंबर २०१९मध्ये पठाणकोटला दाखल.

सांगाडा: बहुतांश अ‍ॅल्युमिनियमचा, सेमी-मोनोकॉक. म्हणजे आतल्या फ्रेमा आणि बाहेरचा पत्रा दोन्ही मिळून भार पेलतात.

कॉकपिट: दोन आसनं, एकामागे एक. पुढे गनर, मागे थोडा उंचावर पायलट. (बघणाऱ्याचा अंदाज नेमका उलटा असतो.) मध्ये पारदर्शक संरक्षक भिंत. चढण्याची दारं उजवीकडे. ती अडकली तर बाजूच्या काचा स्फोटक दोरीने उडवता येतात.

नाक: फिरत्या बुरुजात कॅमेरे आणि लेझर, वर पायलटची रात्रदृष्टी. खाली ३० मिमी तोफ. आपटून उतरावं लागलं तर तोफ दोन्ही आसनांच्या मधल्या जागेत घुसावी, माणसांवर नाही, अशी रचना.

गाल: दोन्ही बाजूंना फुगलेले कप्पे. यांत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे. डी आवृत्तीत ते आणखी मोठे झाले.

झाकणांतला फरक: हेलिकॉप्टरवर अशा कप्प्यांच्या झाकणांचे साधारणपणे दोन प्रकार.
- रोज उघडायची: बिजागरी किंवा पाव वळशाचे फास्टनर. स्क्रूड्रायव्हर थोडा फिरवला की ‘टक्’, झाकण मोकळं.
- भार पेलणारी: कडेने स्क्रूंची रांग. ही सांगाड्याचाच भाग, त्यामुळे एकही स्क्रू ‘नंतर लावू’ म्हणून सोडता येत नाही.