उपाध्यांची वही आणि डेटाबेसचा पहिला धडा

आजकाल नाशिकसारख्या शहरांतील पुष्कळ कुटुंबांत कोणी ना कोणी संगणकशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करीत असतो. त्याच्या अभ्यासक्रमांत ‘डेटाबेस मॅनेजमेंट’ या नांवाचा एक विषय आरंभींच्या वर्षांतच येतो. घरांतील वडील मंडळींना हें नांव ऐकून ही कांहीं तरी गूढ विद्या असावी असें वाटतें. आणि खुद्द विद्यार्थ्याला तर पुष्कळदां तो पाठ करावयाच्या आज्ञांचा विषय वाटतो. दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत. डेटाबेस म्हणजे व्यवस्थित लावून ठेवलेल्या नोंदी. आणि त्यांचें व्यवस्थापन म्हणजे त्या नोंदी खऱ्या, परस्परांशीं सुसंगत आणि हव्या तेव्हां सांपडतील अशा राखण्याची विद्या. ही विद्या शिकविण्याचा आरंभ कोठून करावा, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

नाशिककरांना या विषयाचें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. पंचवटींत रामकुंडाच्या आसपास आणि त्र्यंबकेश्वर येथें तीर्थोपाध्यांच्या घराण्यांतून यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. यात्रेकरू दारीं आला म्हणजे उपाध्ये त्याला प्रथम दोन प्रश्न विचारतात: मूळ गांव कोणतें, आणि आडनांव काय? या दोन उत्तरांवरून नेमकी वही आणि तींतील नेमकें पान निघतें. आणि आजोबा-पणजोबा येथें केव्हां येऊन गेले, त्यांच्याबरोबर कोण होतें, हें त्या पानावर वाचावयास मिळतें. मग नव्या पाहुण्याचें नांव व त्याच्या मुलाबाळांचीं नांवें त्याखालीं लिहून घेतलीं जातात. यंत्राचें साहाय्य नसतांही अनेक गांवांतील अनेक घराण्यांची माहिती अशी थोडक्या वेळांत हातीं येते.

परंतु याच वहीला एखादा वेगळा प्रश्न विचारून पाहावा. ‘२०१५ सालच्या सिंहस्थांत सर्व गांवांतून मिळून किती यजमान येऊन गेले?’ किंवा, ‘मला मूळ गांव ठाऊक नाहीं, आजोबांचें नांव तेवढें ठाऊक आहे, त्यांची नोंद आहे काय?’ येथें वही मुकी होते. एकेक पान उलटल्यावांचून उत्तर मिळावयाचें नाहीं. यांत लिहिणाराचा कांहीं दोष नाहीं. वहीची रचनाच एका विशिष्ट प्रश्नाच्या सोयीनें केलेली आहे: आधीं गांव, गांवाच्या पोटांत घराणें, आणि घराण्याच्या पोटांत माणूस. ही वाट सोडून दुसऱ्या वाटेनें आंत शिरणें फार कष्टाचें होतें.

नवल हें कीं, संगणकावरील आरंभींच्या डेटाबेसांचीही हीच गत होती. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेसाठीं लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्याकरितां आय. बी. एम. या कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत ‘आय. एम. एस.’ नांवाची एक पद्धति सिद्ध केली. तींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. बुंध्यापासून फांदीकडे आणि फांदीपासून डहाळीकडे, हीच तेथें पोंचण्याची वाट. १९७० सालीं त्याच कंपनींत काम करणारे एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध करून निराळा मार्ग दाखविला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: माहिती ओळी व रकाने पाडलेल्या साध्या कोष्टकांत ठेवावी, दोन कोष्टकांचा संबंध पानांच्या क्रमानें नव्हे, तर दोहोंत आलेल्या समान मूल्यानें जोडावा, आणि विचारणारानें आपणास काय हवें तेवढें सांगावें, तें कोणत्या वाटेनें शोधावयाचें तें यंत्रानें पाहून घ्यावें. पुढें १९७४ मध्यें डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा प्रश्नांसाठीं एक भाषा रचली. आज विद्यार्थी जी ‘एस. क्यू. एल.’ शिकतात, ती तिचीच वाढलेली शाखा होय. कॉड यांना १९८१ सालीं संगणकशास्त्रांतील अत्युच्च मानलें जाणारें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

आतां अध्यापनाचा मुद्दा. पुष्कळ ठिकाणीं हा विषय त्या भाषेपासूनच सुरू होतो. पहिल्या आठवड्यांत विद्यार्थी आज्ञा टंकितो, पडद्यावर कोष्टक उमटतें आणि त्याला विषय आला असें वाटतें. पण ‘या कोष्टकांत हाच रकाना कां?’ असें विचारल्यास तो गोंधळतो. माझ्या मतें पहिले कांहीं तास यंत्र बंद ठेवून कागदावर घालवावेत, आणि उपाध्यांच्या वहीचें एक काल्पनिक पान विद्यार्थ्यांपुढें ठेवावें.

समजा, त्या पानावर प्रत्येक भेटीसमोर यजमानाचें नांव, गांव, तालुका आणि जिल्हा अशी सर्व माहिती पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे. नाशिकच्या दोन शेजारी जिल्ह्यांचीं नांवें अलीकडे बदललीं: २०२३ मध्यें औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें, आणि २०२४ मध्यें अहमदनगरचें अहिल्यानगर. आतां या वहींत किती ठिकाणीं दुरुस्ती करावी लागेल? आणि दहा ठिकाणीं केली, अकराव्या ठिकाणीं राहिली, तर वही स्वतःशींच विसंगत बोलूं लागेल. यावर उपाय विद्यार्थ्यालाच सुचूं द्यावा. जिल्ह्यांचें एक कोष्टक, गांवांचें दुसरें, माणसांचें तिसरें आणि भेटींचें चौथें. भेटीच्या ओळींत माणसाचा क्रमांक, माणसाच्या ओळींत गांवाचा क्रमांक, गांवाच्या ओळींत जिल्ह्याचा. एक गोष्ट एकाच जागीं लिहावयाची, आणि इतरत्र तिच्याकडे बोट दाखवावयाचें. पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात त्याचें बीज एवढेंच आहे. आपल्या पेढ्यांवरील रोजकीर्द व खतावणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना एकाच व्यवहाराचे निरनिराळ्या हेतूंनीं निरनिराळे कागद कां ठेवावे लागतात, हें वेगळें सांगावयास नको. संगणकावर मात्र मूळ नोंद एकच ठेवून बाकीचे कागद हवे तेव्हां तिच्यापासून काढतां येतात. सिंहस्थाचा मघांचा प्रश्नही आतां सोपा होतो: भेटींच्या कोष्टकांतील त्या सालच्या ओळी काढून त्यांतील निरनिराळे यजमान-क्रमांक मोजले कीं झालें.

येथें एखादी चुणचुणीत विद्यार्थिनी विचारील, ‘पण यजमान १९९१ सालीं आला तेव्हां जिल्ह्याचें नांव औरंगाबादच होतें, त्या भेटीपुढें आज नवें नांव दिसणें योग्य आहे काय?’ हा प्रश्न आला कीं अध्यापकानें धन्यता मानावी. याचें उत्तर कोणत्याही आज्ञेंत नाहीं. नोंद कशासाठीं ठेवावयाची आहे, हें ठरविल्यावरच तें मिळतें. इतिहास राखावयाचा असेल तर नांवाबरोबर तें कोणत्या काळांत चालत होतें, हेंही लिहावें लागेल.

दुसरा धडा ओळखीचा. कोष्टकांतील प्रत्येक ओळ दुसरीपासून निःसंशय वेगळी ओळखतां आली पाहिजे. ज्या रकान्यानें ती ओळखावयाची, त्याला ‘प्राथमिक किल्ली’ म्हणतात. नांव ही किल्ली होऊं शकेल काय? आपल्याकडे नातवाला आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें एकाच घराण्यांत गोविंद दत्तात्रय, मग दत्तात्रय गोविंद, आणि पुन्हा गोविंद दत्तात्रय अशी मालिका चालते. पहिला व तिसरा गोविंद वहींत एकच दिसतील. उलट स्त्रियांच्या बाबतींत एकाच व्यक्तीचीं दोन माणसें होतात: लग्नांत नांव व आडनांव दोन्ही बदललेलीं असल्यास माहेरच्या वहींतील मुलगी आणि सासरच्या वहींतील सून एकच आहे, हें वहीला कळण्याचा मार्गच उरत नाहीं. म्हणून नांवापासून स्वतंत्र असा क्रमांक लागतो. हा धडा मराठी घरांतील मुलामुलींना चटकन् पटतो, कारण त्यांच्या आजीच्या कागदपत्रांत तो त्यांनीं पाहिलेला असतो.

तिसरा धडा रिकाम्या रकान्याचा. महाराष्ट्रांत एक जून या तारखेला जन्मलेल्या वयस्क मंडळींची संख्या आश्चर्य वाटावें इतकी मोठी आहे. कारण उघड आहे: पूर्वीं शाळेंत नांव घालतेवेळीं खरी जन्मतारीख ठाऊक नसे, रकाना मात्र भरावाच लागे, आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होई, तेव्हां गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिण्याची सोय नसली कीं नोंदींत खोटें शिरतें, आणि एकदां शिरलेलें खोटें खऱ्यापासून वेगळें काढतां येत नाहीं. डेटाबेसमध्यें रकाना मुद्दाम रिकामा ठेवण्याची व्यवस्था असते. ती केव्हां द्यावी आणि केव्हां नाकारावी, हा निर्णय कोष्टक आंखणाराचा असतो.

हे निर्णय केवळ परीक्षेपुरते नाहींत. आज सात-बाराचा उतारा, शिधापत्रिका, रुग्णालयांतील नोंद, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति, सर्व कांहीं कोष्टकांत आहे. २०१७ सालीं राज्यांत शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हां याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढें अनेक शेतकऱ्यांचीं नांवें आल्याच्या तक्रारी गाजल्या. असा क्रमांक दुसऱ्यांदां स्वीकारूं नये, ही आज्ञा डेटाबेसला एका ओळींत देतां येते. पण ती द्यावयाची आठवण ज्याला व्हावयाची, त्याला ‘हा क्रमांक एकाच माणसाचा असला पाहिजे’ हें आधीं मनापासून कळलेलें असावें लागतें. नाहीं तर यादींतील घोळाचें फळ त्या शेतकऱ्याला भोगावें लागतें, ज्यानें कोष्टक कधीं पाहिलेलेंही नसतें.

यावर आक्षेप घेतला जाईल कीं, तासिका मोजक्या, परीक्षा डोक्यावर, आणि नोकरी देणारे तर आज्ञाच विचारतात. आक्षेप खोटा नाहीं. परंतु आज्ञा शिकण्यास थोडे आठवडे पुरतात. त्या उत्पादनागणिक थोड्याफार बदलतात. आणि अलीकडे तर साध्या भाषेंत प्रश्न सांगितला असतां त्या लिहून देणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. कॉड यांची कोष्टकांची कल्पना मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकून आहे. जें लवकर जुनें होतें त्यावर सारा वेळ खर्चून जें टिकतें तें शेवटच्या आठवड्यांत उरकणें, हा हिशेब तोट्याचा आहे.

नाशिकला तर या प्रयोगासाठीं दुहेरी सोय आहे. येथें जुनीं महाविद्यालयें आहेत. आणि १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही येथेंच आहे. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी पुष्कळदां नोकरी-धंदा सांभाळून घरीं शिकतो. तो एखाद्या दुकानाच्या, पतपेढीच्या किंवा कांद्याच्या अडतीच्या वह्या रोज हाताळीत असेल. अशा विद्यार्थ्याला आरंभींच सांगावें कीं, तुझ्यापुढें आहे तीच वही घे. तींत एकच गोष्ट किती ठिकाणीं लिहिली आहे तें मोज. कोणत्या प्रश्नाला ती उत्तर देते व कोणत्या प्रश्नापुढें अडते तें लिही. आणि मग ती चार कोष्टकांत मांड. त्याला जें साधेल, तें केवळ आज्ञा घोकणाऱ्याला साधणार नाहीं.

ज्यांच्या घरांत असा विद्यार्थी आहे, त्या वडील मंडळींनाही यांत भाग घेतां येईल. आपल्या घराण्याची वंशावळ त्याच्यापुढें ठेवून, तींतील लेकी-सुनांसकट प्रत्येक माणूस एकदांच आणि नेमका ओळखूं येईल अशीं कोष्टकें आंखण्यास त्याला सांगावें. तो कोठें अडतो तें पाहावें, आणि त्याला न ठाऊक असलेलीं आजीचीं माहेरचीं नांवें आपण सांगावीं. त्या एका संध्याकाळीं विषयाचा बराचसा गाभा त्याच्या हातीं आलेला असेल.