घामाच्या ग्रंथींचा कर्करोग

मंडळी, दोरी आणि सापाचा वेदान्तातला दृष्टान्त आपल्याला पाठ आहे. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की भीती जाते. आज आपण याच्या उलट प्रकार पाहू. असतो साप, दिसते दोरी.

आपल्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. तरी त्यांचा कर्करोग फार विरळा. आता विरळा आहे म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो. जे डॉक्टरांनी सहसा पाहिलेलंच नाही, ते त्यांच्या मनात येणार कसं?

त्यातला एकच प्रकार आपण नीट बघू. नाव लांबलचक आहे, मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा. 1982 साली त्याचं स्वतंत्र वर्णन झालं. बहुधा चेहऱ्यावर, ओठाच्या आसपास कातडीच्याच रंगाचा घट्ट चट्टा येतो आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांना ओठाच्या वर बधिरपणा होता. म्हणायचे, "ब्लेड लागलं तरी कळत नाही, बरंच आहे की!" आम्हीही हसलो. पण हा रोग मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो, बधिरपणा येतो तो त्यामुळे.

पहिल्या बायॉप्सीत वरवरचा पापुद्रा घेतला होता. रिपोर्ट आला, साधी गाठ. तो रिपोर्ट खोटा नव्हता, बरं का! या रोगाचा वरचा थर निरुपद्रवी गाठीसारखाच दिसू शकतो. विधान त्या तुकड्याबद्दल होतं, आम्ही सगळ्यांनी ते पूर्ण चट्ट्याला लावलं. तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म गेला आमचा, पण त्या दिवशी हे सुचलं नाही. चट्टा वाढतच राहिला, तेव्हा खोलवरचा तुकडा घेतला आणि निदान झालं.

उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचा. रोग डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा बराच पसरलेला असतो, म्हणून मोह्स पद्धत सोयीची पडते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी ती 1930च्या दशकात सुरू केली. एक थर काढायचा, त्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, जिथे रोग उरला असेल तिथूनच पुढचा थर घ्यायचा. हा रोग दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, त्याच जागी परतायची खोड मात्र त्याला आहे. पोरोकार्सिनोमा नावाचा त्याचा भाऊबंद अधिक दांडगा. तो म्हातारपणी, बऱ्याचदा पायावर येतो आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचू शकतो.

आमच्या त्या गृहस्थांचा ओठ आता जरासा ओढलेला आहे. दाढी ते आरशात बघून, जपून करतात. तपासणीची तारीख मात्र चुकवत नाहीत.