रकाना सातवा

सकाळचे सहा. तारीख २० फेब्रुवारी २०११, रविवार. शाळेला सुट्टी आहे, जनगणनेच्या प्रगणकाला नाही. पोळ्या डब्यात भरून ओट्याशीच उभी राहून मी कालचे फॉर्म पुन्हा चाळते. हे कागद दुमडायचे नाहीत, त्यांवर चहाचा थेंब पडू द्यायचा नाही. पुढे ते स्कॅनरखाली जाणार आणि माझं अक्षर यंत्र वाचणार. म्हणून लेकाचं परीक्षेचं पॅड आणि वर प्लास्टिकची पिशवी, असा बंदोबस्त केलाय.

मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. माझ्या गटात सव्वाशेच्या आसपास घरं, अकोल्यात, मोर्णेच्या काठाला. प्रश्न एकूण २९. नाव, नातं, लिंग, वय, लग्न झालंय का, किती वर्षांचे असताना झालं, हे पहिले सहा लोक भराभर सांगतात. सातवा आला की घर जरा सावरून बसतं. सातवा धर्माचा.

या रकान्यात धर्माचं नाव पूर्ण अक्षरांत लिहायचं आणि शेजारच्या चौकोनात आकडा: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. याबाहेरचं कुणी काही सांगितलं तर नुसतं नाव लिहायचं, चौकोन कोरा. प्रशिक्षणात बजावलं होतं की प्रत्येकाचा धर्म वेगळा विचारा, कुटुंबप्रमुखाचा सगळ्यांना लावू नका, सांगतील ते लिहा, वाद घालू नका. ऐकायला सोपं वाटतं.

साडेसातला पहिलं घर. दोन खोल्या, समोर ओटा, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. ओट्यावर आजी उन्हाला बसलेली, वय ७३. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "नाव घेत नाही मी. पोराले इचारा." तिला तो हक्क आहे. १९४८च्या जनगणना कायद्यातच तशी तरतूद आहे, की रीतीप्रमाणे जी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही तिच्यावर ते सांगायची सक्ती नाही. नाव नातवाने सांगितलं. पण सातव्या रकान्यापाशी तीच आजी ओट्यावरून उठून माझ्या पॅडवर वाकली.

"थांब व माय. बौद्ध लिवलं का? पूरं लिव. नुसता आकडा नोको टाकू."

मी लिहिलं. तिने बोट ठेवलं. "वाचून दाखव."

मी वाचलं. मग ती सांगू लागली, आणि पुढची दहा मिनिटं माझा पेन थांबला. १४ ऑक्टोबर १९५६, दसरा. बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला अकोल्याहून नागपूरला गाडीत उभं राहून गेली होती. पांढरं लुगडं घरात नव्हतं, शेजारणीचं मागून नेसली होती. परत आल्यावर सासऱ्याने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. एखादं मोठं गाव म्हणावं इतके. १९६१ला ते झाले २७ लाख ८९ हजार. दहा वर्षांत असा फरक जन्मदराने पडत नाही. अशा आज्या, असे सासरे दारात आलेल्या माणसासमोर उभे राहिले, एक शब्द म्हणाले आणि कुणीतरी तो लिहून घेतला. सहावी-सातवीच्या भूगोलात मी लोकसंख्येचे आकडे कितीदा शिकवले असतील, पण आकडा असा ओट्यावर बसलेला पहिल्यांदाच पाहिला.

नऊ वाजता त्याच गल्लीत पुढे. वडील रेल्वेतून निवृत्त, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सातव्या रकान्यात दोघांचंही बौद्ध. आठवा रकाना अनुसूचित जाती-जमातीचा. वडील म्हणाले, "महार लिहा." मुलगा म्हणाला, "माझी जात लिहू नका. बाबासाहेबांनी ती सोडली, मी कशाला धरू?" वडील त्याला समजावू लागले की सवलत जाईल. मुलगा म्हणाला, जाऊ दे.

मला इथे बोलावं लागलं, पण वाद म्हणून नाही. १९५०च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये धरल्या होत्या. १९५६ला त्यात शीख आले, बौद्ध यायला १९९० उजाडलं. म्हणजे बौद्ध लिहिल्याने जातीची नोंद आता बुडत नाही, दोन्ही लिहिता येतात. पण आठव्या रकान्यात 'नवबौद्ध' चालत नाही, यादीतलं जातीचं नावच लागतं. शिवाय फॉर्मवरून कुणाची सवलत ठरत नाही. ही माहिती गुप्त असते, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. हे सगळं सांगून मी थांबले. वडिलांचं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं, मुलाचं त्याच्या. एका घरात, एकाच धर्मात, आठव्या रकान्यात दोन उत्तरं.

पुढे आकडे आले तेव्हा मला हा मुलगा आठवला. महाराष्ट्रात २०११ला बौद्ध ६५ लाख ३१ हजार, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त. त्यांतल्या ५२ लाखांनी अनुसूचित जात नोंदवली. राज्यातली अनुसूचित जातींची एकूण लोकसंख्या १ कोटी ३२ लाख, म्हणजे त्यांतले ३९ टक्के बौद्ध. बाकीचे बहुतेक हिंदू. मातंग आणि चर्मकार समाजाचा मोठा भाग धर्मांतरात आला नाही, आणि महार समाजातही विदर्भात बौद्ध नोंदवण्याची जी रीत आहे ती पश्चिम महाराष्ट्रात तेवढी नाही. जात एक असली तरी जिल्हा बदलला की सातवा रकाना बदलतो.

साडेदहाला बाजाराच्या बाजूला. दोन मजली घर, खाली दुकान, वर सासू-सासरे, दोन मुलगे, सुना. "जैन लिहा हं मॅडम, हिंदू नाही." दहा मिनिटांत फॉर्म पूर्ण. सगळे शिकलेले, जन्मतारखा तोंडपाठ. देशातले जवळपास ८० टक्के जैन शहरात राहतात, साक्षरता ९४.९ टक्के, सगळ्या धर्मांत वरची. पण सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८८९, शिखांमध्ये ८२८, हिंदूंमध्ये ९१३. पुस्तकी शिक्षणाने मुलगी वाचते असं आम्ही शिक्षक समजून चालतो. हे आकडे तसं म्हणत नाहीत, आणि त्याची चीड मला आजही आहे.

बारा. ऊन चढलं. मुस्लिम मोहल्ल्यात पुरुष कामावर, दारात बाया. काल भारत-बांगलादेश मॅच रात्रीपर्यंत चालली, सेहवागच्या १७५ची चर्चा अजून गल्लीत आहे. तीन घरं एका ओट्यावर बसून झाली. एका बाईने शेजारच्या दोघींच्याही मुलांची वयं सांगितली, न चुकता. मुलगी दहावीला, तिनेच आईच्या वतीने सही केली आणि मग आईला म्हणाली, "अम्मी, आप भी सीखो ना." आईने तिच्या हातून पेन घेतला आणि माझ्या कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात तीन अक्षरं काढली.

आमच्या स्टाफरूममध्ये मुसलमानांची संख्या म्हटली की आवाज चढतात. म्हणून इथेच सांगते. त्यांच्या वाढीचा दर १९९१ ते २००१मध्ये २९.५ टक्के होता, २००१ ते २०११मध्ये २४.६वर आला. हिंदूंचाही उतरला, मुसलमानांचा जास्त उतरला. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे त्यांच्या मुली ९४३, हिंदूंपेक्षा जास्त. कुठल्या धर्मात मुलं किती होतात हे धर्मावर कमी आणि आई किती शिकली, लग्न कितव्या वर्षी झालं, दवाखाना किती लांब आहे यावर जास्त ठरतं. सहावा रकाना आणि बारावा रकाना, म्हणजे लग्नाचं वय आणि साक्षरता, सातव्याच्या बरोबरीने वाचले तरच सातव्याचा अर्थ लागतो. नुसता सातवा वाचून भाषण ठोकणाऱ्याचं मी ऐकत नाही.

दोन वाजता पर्यवेक्षकांकडे. सहा गटांचे प्रगणक एका वर्गात जमलेले, डबे उघडलेले. शेजारच्या गटातल्या एका सहकाऱ्याचे फॉर्म तपासताना दिसलं की पंधरा-वीस घरांचा धर्म एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलाय. विचारलं तर म्हणाला, आडनावावरून कळतंच की, विचारायचं कशाला? मला घास गिळवेना. वऱ्हाडात आडनावं गावावरून पडलेली, एकच आडनाव तीन-तीन समाजांत सापडतं. सकाळची आजी त्याच्या गटात असती तर? सासऱ्याने नदीत सोडलेले देव याने तिच्या देव्हाऱ्यात परत आणून ठेवले असते. पर्यवेक्षकांनी ती सगळी घरं पुन्हा करायला लावली. बरं केलं.

आणि हे बोलून उठले, तासाभरात माझ्याच हातून तेच झालं. साडेतीनला एका घरी सासूबाई सांगत होत्या, मी लिहीत होते: सासरे हिंदू, सासू हिंदू, मुलगा हिंदू, आणि ओघातच सून हिंदू. सून नर्स, ड्युटीवरून नुकतीच आलेली, पाणी घेऊन बाहेर आली. पॅडकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, माझं ख्रिश्चन आहे." सासूबाई गप्प. मी शब्द खोडला, वर नीट लिहिलं, ३चा आकडा घातला. तिची माफी मागितली. "राहू द्या, मला कुणी विचारतच नाही," ती म्हणाली.

तिचं माहेर नगर जिल्ह्यात. पणजोबा महार, मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. म्हणजे सकाळची आजी आणि ही एकाच समाजाच्या लेकी. पण अनुसूचित जाती हिंदू, शीख आणि बौद्ध एवढ्यांतच धरल्या जात असल्याने हिच्या आठव्या रकान्यात 'नाही' लिहावं लागलं, आजीच्या आठव्यात जात आली. ख्रिस्ती समाजात हजार पुरुषांमागे १,०२३ स्त्रिया आहेत, देशातल्या सहा मोठ्या धर्मांत पुरुषांपेक्षा बाया जास्त असलेला हा एकच. त्यांतली एक बाई मी पेनाच्या एका फटकाऱ्यात हिंदूंमध्ये टाकली होती.

पाच वाजता बांधकामावर. पत्र्याच्या चार खोपट्या, मेळघाटातून आलेले कोरकू मजूर. मुकादम खुर्चीवरूनच ओरडला, "सगळे हिंदूच आहेत, लिहा एकदम." मी खोपटीशी जाऊन उकिडवी बसले. चुलीवर तांदूळ रटरटत होता. बाईला धर्म हा शब्द कळला नाही, की कळूनही तिला त्यात उत्तर दिसलं नाही. कोणत्या देवाला मानता विचारलं तर गावच्या मुठवाचं नाव घेतलं, महादेवाचं घेतलं. मग नवऱ्याशी कोरकूत बोलली आणि म्हणाली, "हिंदू लिहा." शेजारच्या खोपटीतला म्हातारा मात्र म्हणाला, "आदिवासी." मी तसंच लिहिलं, चौकोन कोरा ठेवला. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे दोघांच्याही आठव्या रकान्यात कोरकू आलं.

त्या वर्षी देशभरात असा कोरा चौकोन ठेवणाऱ्यांत ४९ लाखांवर लोकांनी 'सरना' हा आदिवासी धर्म लिहिला, मुख्यतः झारखंड आणि भोवतालच्या राज्यांत. जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार. जैनांना स्वतंत्र आकडा आहे, सरनाला नाही. झारखंड विधानसभेने २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तो मागणारा ठराव केला. मला ती मागणी रास्त वाटते.

साडेसहाला शेवटचं घर. निवृत्त प्राध्यापक, पुस्तकांनी भरलेली खोली. "धर्म नाही, असं लिहा." लिहिलं. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "माझं हिंदू." तेही लिहिलं. धर्म न सांगणारे आणि धर्म नाही म्हणणारे मिळून देशात २८ लाख ६७ हजार निघाले.

रात्री नऊला जेवणं उरकून बेरीज करायला बसले. आज १४ घरं, ७१ माणसं. यांत स्वतः तोंडाने धर्म सांगितलेले किती ते बोटांवर मोजलं: २६. बाकीच्यांचा दुसऱ्या कुणीतरी सांगितला. बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाने, आणि पुरुष नसले तर सासूने.

धर्मनिहाय आकडे २५ ऑगस्ट २०१५ला जाहीर झाले. त्यानंतरची, २०२१ची मोजणी करोनामुळे झालीच नाही. आता होणाऱ्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७च्या मध्यरात्रीचा क्षण धरला जाणार आहे. फॉर्म मोबाइलवर असेल, सगळ्यांची जात विचारली जाईल, आणि हवं तर आपली माहिती आपण स्वतःच भरू शकाल. माझी एवढीच विनंती आहे. धर्माचा प्रश्न आला की घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलवा. आजीला, सुनेला, शिकायला येऊन राहिलेल्या भाच्याला, कामाला ठेवलेल्या पोराला. ज्याचं त्याला सांगू द्या. आणि लिहून झालं की प्रगणकाला म्हणा, वाचून दाखव.